पाय काढून ठेवल्यावर

"चालता येतं का?" मला पहिल्यांदा भेटणारं माणूस हेच विचारतं. येतं. दळण आणते, बांधावरून जाते, वरातीमागं हळूहळू का होईना चालते. साडीखाली पाय दिसत नाही, त्यामुळं नवख्याला कळतही नाही. गुडघ्याखालून पाय गेलेल्या आणि बाकी तब्येत धड असलेल्या माणसाला नकली पायावर चालणं काही आठवड्यांत जमायला लागतं. बसणं, उठणं, आंघोळ, संडास, ओली फरशी आणि रात्र, ह्यांना मात्र वेळ लागतो. नकली पाय चोवीस तास घालून राहता येत नाही. रात्री तो काढावाच लागतो. काढून ठेवल्यावर काय करता, हे फार कमी जण विचारतात. म्हणून इथं जास्त तेच लिहिते.

मी शिवणकाम करते. बारामतीहून इंदापूरकडं येताना बेलवाडीच्या आसपास आमची वस्ती आहे. घरालाच लागून पत्र्याचं दुकान. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको आणि जूनमध्ये शाळेचे गणवेश. २०१७ च्या जानेवारीत, ऊसतोडीचा हंगाम भरात असताना, एका लग्नाहून रात्री परत येत होतो. रस्त्याच्या कडेला उसानं भरलेली ट्रॉली बंद पडून उभी होती. मागं ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर, ना साधं लाल फडकं. आमची मोटारसायकल तिच्यावर गेली. ह्यांचा हात मोडला, माझा डावा पाय घोट्यावर चिरडला. पुण्याच्या एका हॉस्पिटलात पाय वाचवायची खटपट झाली, पण जखम काळी पडत वर चालली तेव्हा डॉक्टरांनी तो गुडघ्याखाली काढला.

"गुडघा वाचला हे नशीब समजा," असं तिथले डॉक्टर म्हणाले, तेव्हा मला त्यांचा राग आला होता. त्यात किती तथ्य होतं ते नंतर उमगलं. गुडघ्याखालून पाय गेला तर चालायला पूर्वीपेक्षा साधारण पावपट जास्त ताकद लागते. गुडघ्याच्या वरून गेला तर निम्म्याहून अधिक जास्त लागते, आणि नकली गुडघा सांभाळायचा तो वेगळाच. आपल्याकडं तर जेवण खाली बसून, पूजा खाली बसून, दळण-निवडण खाली बसून. स्वतःचा गुडघा असेल तर ह्यातलं बरंच पुन्हा करता येतं.

उरलेल्या भागाला हॉस्पिटलात स्टंप म्हणतात, आता घरातही तोच शब्द झालाय. टाके निघाले की त्याला क्रेप बँडेज आडव्या आठाच्या आकारात बांधायचं, खाली घट्ट आणि वर जरा सैल. सूज उतरून स्टंप निमुळता व्हावा म्हणून. घरी आल्यावर आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, मायेनं गुडघ्याखाली उशी द्यायच्या. फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी ती उशी पहिल्याच भेटीत काढून टाकली. उशीवर गुडघा सतत वाकलेला राहतो, मागच्या शिरा आखडतात आणि मग तो सरळ होत नाही. सरळ न होणाऱ्या गुडघ्याला पाय बसवता येत नाही. उलट रोज थोडा वेळ पालथं झोपायचं. आत्यांना ते काही पटेना. "आजारी माणसाला पालथं झोपवत्यात व्हय?" पण उशी परत आली नाही.

पायाचं माप प्लास्टरनं घेतात. स्टंपवर ओल्या पट्ट्या गुंडाळतात, वाळल्यावर तो साचा काढून त्यावरून सॉकेट बनवतात. लोकांना वाटतं, सगळं वजन स्टंपच्या टोकावर पडत असेल. तसं पडलं तर एक पाऊलही टाकता येणार नाही. माझ्या सॉकेटमध्ये वजन मुख्यतः गुडघ्याच्या वाटीखालच्या दोरीसारख्या स्नायूबंधावर आणि पोटरीच्या बाजूंवर पडतं. नडगीचं टोक आणि बाहेरच्या बाजूचं बारीक हाड मोकळं ठेवावं लागतं. तिथं सॉकेट घासलं की कातडं सोलवटलंच. हे मला चटकन कळलं, कारण ब्लाउजचं तेच असतं: काख आणि छाती बरोबर बसली तर बाकीचं सांभाळून नेता येतं, आणि माप घेतलेलं अंग सहा महिन्यांनी तेवढंच राहील ह्याची हमी कुणी देत नाही. स्टंप पहिल्या वर्षात बारीक होत जातो. पहिलं सॉकेट ढिलं होतं, आत जाड-पातळ मोजे वाढवून ते भागवायचं आणि मोजेही पुरेनात की नवं सॉकेट करायचं. एका दिवसातही फरक पडतो. सकाळी एक मोजा घालून निघते, दुपारी पाय आत खाली सरकायला लागला की दुसरा चढवते. पिशवीत मोजे कायम असतात. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडं ऊन चाळीसच्या वर जातं. तेव्हा दुपारी दुकानाचा पडदा ओढायचा, पाय काढायचा, मोजा पिळायचा आणि कोरडा घालायचा. घाम आत राहिला की पुरळ आलं, पुरळ फुटलं की आठवडाभर पाय नाही आणि आठवडाभर पाय नाही म्हणजे गणवेश रखडले.

माझा पाय जयपूर फूट प्रकारातला आहे. ह्या पायाची गोष्ट मला आवडते, कारण ती एका कारागिराची आहे. १९६० च्या दशकात जयपूरच्या सवाई मानसिंह हॉस्पिटलात डॉ. प्रमोद करण सेठी पाय गमावलेल्या लोकांना पाय बसवत, पण लोक ते घरी नेऊन कोपऱ्यात ठेवत. तो पाय परदेशी धर्तीचा होता, आत लाकूड आणि बाहेर बूट घालणं भाग. भातखाचरात, देवळात, चुलीपुढं बूट घालून कोण जाईल? उकिडवं बसायला घोटा वाकत नसे. फारसं शाळेत न गेलेले, हातात कला असलेले रामचंद्र शर्मा तिथं होते. त्यांनी रबराचा पाय घडवला. तो अनवाणी चालतो, सगळीकडून थोडाथोडा वाकतो आणि चिखलपाणी सोसतो. पुढं १९७५ मध्ये जयपूरला भगवान महावीर विकलांग सहायता समिती सुरू झाली आणि हा पाय फुकट मिळायला लागला. डॉ. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मांचं नाव मात्र फार थोड्यांना माहीत असतं. शिवणाऱ्या बाईला ह्यात नवल वाटत नाही.

पुण्यात वानवडीला लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र आहे, दुसरं महायुद्ध चालू असताना १९४४ मध्ये जखमी जवानांसाठी उभारलेलं. साधू वासवानी मिशनची शिबिरंही होतात. म्हणजे आमच्या भागातल्या माणसाला पाय मिळणं आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही.

आता रात्रीचं. सुरुवातीच्या काळात मी ज्या प्रकारे पडले, तसे बहुतेक सगळे पडतात. अर्ध्या झोपेत लघवीला उठायचं, खाटेवरून दोन्ही पाय खाली सोडायचे आणि उभं राहायचं. डावा नाही हे उठलेल्या माणसाला आठवतं, झोपेतल्या माणसाला नाही. स्टंपवर पडणं म्हणजे काय ते सांगत बसत नाही. तेव्हापासून खाटेच्या डाव्या बाजूला खुर्ची आडवी लावलेली असते, म्हणजे उतरायचं तर उजवीकडूनच. कुबड्या उशाशी. चार्जिंगची बॅटरी उशीखाली, कारण वस्तीवरची लाइट कधी जाईल ते लाइटलाच ठाऊक.

संडास घरापासून वीसेक पावलं, मध्ये मोकळं अंगण. पावसाळ्यात तिथं शेवाळ धरायचं आणि कुबडीचं रबर शेवाळावर साबणासारखं सरकायचं. ह्यांनी तिथपर्यंत खडबडीत कोब्याची पायवाट केली. कोबा ओला असतानाच खराट्यानं रेघा ओढल्या. आत भांडं उकिडवं बसायचं. पाय घातलेला असताना त्यावर बसणं जमतं, पण उठताना हाताला काहीतरी लागतं. पाय काढलेला असताना ते जमतच नाही. मग वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी घोडा करून घेतला, मधोमध भोक असलेल्या प्लास्टिकच्या सीटचा, आणि दोन्ही बाजूंच्या भिंतीत जीआय पाइप बसवले. ह्या सगळ्याला लागलेले पैसे थोडेच होते, पण मला पाय मिळाल्यावर जेवढं मोकळं वाटलं नव्हतं तेवढं त्या पाइपांनी वाटलं.

आंघोळ रात्री. सकाळी धुतलेला स्टंप जरा दमट राहतो आणि लगेच सॉकेटमध्ये गेला की चिडतो. प्लास्टिकच्या स्टुलावर बसून आंघोळ करायची, साबण दोरीला बांधलेला, म्हणजे निसटला तर वाकून शोधायला नको. मग स्टंप पुसून कोरडा करायचा आणि हातआरशात खालची बाजू बघायची. लाली आहे का, फोड आहे का, कुठं कातडं कडक झालंय का. शुगर असलेल्यांनी तर हे चुकवूच नये, त्यांना बऱ्याचदा जखम दुखतही नाही. आज पाय गमावणाऱ्यांत शुगरवाले फार, आणि त्यांनी दुसरा पायही रोज असाच तपासायला हवा.

स्वयंपाकाला ओटा होताच, पण भाकरी मी खाली बसून थापायचे. खाली बसायला अजून येतं, डावा पाय पुढं लांब सोडून. पण परात, पीठ, पाणी, तवा ह्यांच्यासाठी चार वेळा उठायचं म्हटलं की कंबर धरते. आता उंच स्टुलावर बसून ओट्यावर थापते. भाकरीचा गोल पहिले कित्येक महिने नीट येत नव्हता. हाताला उंची बदललेली कळत होती.

आणि नसलेला पाय दुखतो. हे ऐकून लोक गप्प होतात, काही जण तर मनाचे खेळ म्हणतात. तसं नाही. पाय कापला तरी मेंदूत पायाची जागा तशीच असते, ती कामाला लागली की पाय 'असतो'. अमेरिकेतल्या यादवी युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांना तपासणाऱ्या वेअर मिचेल ह्या डॉक्टरांनी १८७१ मध्ये त्याला फँटम लिंब असं नाव दिलं. माझी बोटं आत दुमडलेली असायची, इतकी घट्ट की नख तळव्यात रुतल्यासारखं वाटायचं, आणि ती सोडवायला बोटंच नव्हती. गोळ्यांनी थोडा उतार पडला. मग फिजिओ मॅडम म्हणाल्या, "घरी मोठा आरसा आहे?"

आरसा दुकानातच होता, गिऱ्हाइकांना ट्रायलला ठेवलेला. मूळ तामिळनाडूचे, अमेरिकेत शिकवणारे डॉ. व्ही. एस. रामचंद्रन ह्यांनी १९९० च्या दशकात हा आरशाचा उपाय काढला. आरसा दोन पायांच्या मध्ये उभा धरायचा, त्याचं तोंड चांगल्या पायाकडं, स्टंप आरशाच्या मागं झाकलेला. मग आरशात बघायचं. उजव्या पायाचं प्रतिबिंब बरोबर डाव्याच्या जागी दिसतं. उजव्या पायाची बोटं सावकाश उघडायची-मिटायची आणि डोळ्यांना ती डावी म्हणून दाखवायची. मला आधी हसू आलं. तळवट घालून, पदर खोचून मी आरशात बोटं हलवत बसले होते आणि एक वहिनी फॉल लावलेली साडी न्यायला आत आल्या. "काय बघताय आरशात?" म्हटलं, "पाय." त्या साडी घेऊन गेल्या, पैसे द्यायच्या राहिल्या. पण त्या आठवड्यात एकदा ती दुमडलेली बोटं उघडली. खरंच उघडली, मला ते जाणवलं. हा उपाय सगळ्यांना लागू पडत नाही, आणि माझं दुखणं पार गेलं असंही नाही. थंडीत, आभाळ भरून आलं की बोटं परत वळतात. मग आरसा.

बाईच्या पायाचे आणखी काही प्रश्न असतात, ते पुरुष डॉक्टरांना सुचत नाहीत. जोडवी. माझ्या रबरी पायाला बोटांचा आकार आहे, पण जोडवं सरकवायला जागा नाही. आत्यांनी दोन दिवस विचार केला आणि डावं जोडवंही उजव्या पायात, मधल्या बोटात घातलं. पैंजण मात्र दोन्हीकडं आहेत. चपलेचा प्रश्न वेगळा. नकली बोटं चप्पल धरून ठेवत नाहीत. चिखलात चप्पल मागं राहते आणि मला पत्ताच नसतो, घरी येऊन बघावं तर एकच. म्हणून मागून पट्टा असलेलीच सँडल. तिची टाच आधीच्यापेक्षा उंच असली तर गुडघा पुढं ढकलल्यासारखा होतो, कारण पाय जोडतानाच टाचेची उंची धरलेली असते. बारामतीत भिगवण चौकातल्या दुकानदाराला मी टेप घेऊन टाच मोजताना बघून आता काही वाटत नाही.

संत तुकाराम महाराजांची पालखी आमच्याच रस्त्यानं जाते. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीला गोल रिंगण, मग निमगाव केतकी, इंदापूर. हा रस्ता आता रुंद होऊन पालखी महामार्ग झालाय. वारी आली की आम्ही वारकऱ्यांच्या पायांना तेल लावायला बसतो. नकली पाय आल्यावर पहिल्याच वर्षी एका म्हाताऱ्या माउलीचे पाय दाबले. तिनं हट्ट धरला, आता तुझे दे. मी नको नको म्हणेपर्यंत तिनं डावा पाय साडीवरूनच ओढून मांडीवर घेतला आणि दाबायला लागली. बराच वेळ दाबून म्हणाली, "लई घट्ट झालाय गं पोरी. किती चाललीस?" आत्यांना इतकं हसू फुटलं की तेलाची वाटी कलंडली.

अपघातानंतर मला भेटायला आलेल्या प्रत्येकानं सुधा चंद्रन सांगितली. १९८१ च्या अपघातात पाय गेला, जयपूर फूट लावून १९८४ मध्ये पुन्हा रंगमंचावर भरतनाट्यम. तिच्यावर 'मयूरी' आणि 'नाचे मयूरी' सिनेमे निघाले. शिकलेल्यांनी अरुणिमा सिन्हा सांगितली, नकली पायानं २०१३ मध्ये एव्हरेस्टवर गेलेली. उजनी धरणाच्या पलीकडं, करमाळ्याच्या सुयश जाधवनं लहानपणी विजेच्या धक्क्यानं दोन्ही हात गमावले आणि तो पोहत पॅरालिम्पिकपर्यंत गेला, २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळवला. ह्या माणसांबद्दल मला आदरच आहे, सुयशबद्दल तर शेजारच्या तालुक्याचा म्हणून अभिमानही. पण खाटेवर पडलेल्या, परसाकडं कसं जायचं ह्या विचारानं पाणी प्यायचं टाळणाऱ्या बाईला एव्हरेस्ट सांगू नये. तिला संडासाच्या दाराची रुंदी विचारावी.

कामाचं म्हणाल तर माझं पायमशीन होतं. पायमशीनला दोन्ही पाय लागतात, पावडीवर घोटे मागंपुढं हलवत ताल धरायचा. नकली पायाला ताल कळत नाही. मशीनला मोटार लावली, तिचं पॅडल उजव्या पायाखाली. पण लाइट गेली की मोटार बंद, म्हणून वादी काढली नाही. एका पायानं पावडी हलवायची सवय केली. पोटरीला गोळे येतात, तरी काम थांबत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर बहुतेक सवलती लागू होतात; त्यासाठी यूडीआयडी कार्ड काढून ठेवावं. एसटीत मला बाई म्हणून निम्मं तिकीट आणि दिव्यांग म्हणून ७५ टक्के सवलत, त्यामुळं कंडक्टर कार्डच मागतात. सवलत मोठी आहे, पण गाडीची पहिली पायरी माझ्या गुडघ्याला लागते. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत विचारल्याशिवाय ते सहसा कुणी सांगत नाही. आणि गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत एक अवयव निकामी झाला तर एक लाख, दोन झाले तर दोन लाख मिळतात. पूर्वी ते सातबारावर नाव असलेल्यालाच मिळायचे, २०१९ पासून घरातल्या आणखी एकाला धरतात. माझं नाव सातबारावर नव्हतं. आता आहे. ते कसं लागलं हा आमच्या घरातला विषय, पण आत्या माझ्या बाजूनं होत्या एवढं सांगते.

हल्ली ओळखीतून फोन येतात. गेल्या महिन्यात इंदापूरकडच्या एका गावातून एका दादांचा आला. बायकोचा पाय शुगरनं गेलाय, कुठल्या कंपनीचा पाय चांगला, किती खर्च, कधी बसवायचा. म्हटलं, दादा, आधी संडासाचा फोटो पाठवा. ते बुचकळ्यात पडले, पण फोटो आला. तीन पायऱ्या, कठडा नाही, दार आत उघडणारं. बाई आत पडली तर दाराला आडवी होणार आणि दार ढकलताही येणार नाही. म्हटलं, दार बाहेर उघडेल असं करा, पायऱ्यांना कठडा आणि आत दोन्ही बाजूंना पाइप.

"वहिनी, मी पायाचं विचारलं होतं."

"पायाला अजून दोन-तीन महिने आहेत. तोवर त्या जाणार कुठं?"

चार दिवसांनी दुसरा फोटो आला. बिजागऱ्या बाहेरून बसवलेल्या, कठडाही झालेला, पाइप मात्र एकाच बाजूला, तोही उजव्या. मी परत फोन लावला आणि विचारलं, वहिनींचा कुठला पाय गेलाय?